यंदाची वर्गणी मायक्रोस्कोपसाठी, जरा वाचाच

मंडळी नमस्कार, यंदा मंडळातर्फे वेगळ्याच कामासाठी पैसे मागतोय म्हणून सविस्तर लिहितोय.

ऊसतोड सुरू झाली की डोळ्याला पाचट लागलेली माणसं आपल्या धर्मादाय दवाखान्यात यायला लागतात, गावातलीपण आणि बीडकडनं आलेल्या टोळ्यांतलीपण. डोळा लाल झाला की मेडिकलमधून कसलेतरी ड्रॉप्स आणून टाकायचे, आणि त्यात नेमकं स्टिरॉइड निघालं की पाचटाबरोबर बुबुळात शिरलेली बुरशी अजूनच फोफावते, मग पांढरा डाग आणि शेवटी फूल. बुबुळाची जाडी ती किती, जेमतेम अर्धा मिलिमीटर!

डॉक्टर जखमेची जराशी खरवड काचेवर घेतात, केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, पेशी विरघळतात आणि फांद्या फुटलेले बुरशीचे धागे दिसायला लागतात. दिसले की त्याच दिवशी नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध चालू. कल्चरच्या (खरवडीतली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायच्या) रिपोर्टला आठवडा, कधी जास्तच लागतो, तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते.

पण दवाखान्यातला मायक्रोस्कोप जुनाट, त्याला कॅमेरा नाही. लॅबमधल्या ताई एका हातानं स्लाइड सरकवतात, दुसऱ्या हातानं मोबाईल आयपीसवर धरून फोटो काढतात, निम्मे हललेले, शहरातल्या कॉर्नियाच्या (बुबुळाच्या) डॉक्टरांना पाठवले तरी त्यांना त्यात काय कळणार?

म्हणून कॅमेऱ्याचा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप घ्यायचाय. कॅल्कोफ्लोर व्हाइट हा रंग टाकला की या मायक्रोस्कोपच्या खास प्रकाशात बुरशी चमकते, थोडी असली तरी नजरेतून सुटत नाही. शिवाय कल्चरच्या स्लाइडचेही फोटो साठवत गेलो तर आपल्या भागात फ्युजेरियम जातीची बुरशी जास्त की अ‍ॅस्परजिलस जातीची हे दोन-तीन सीझनमध्ये कळेल (फ्युजेरियमचे बीजाणू कोयत्यासारखे वाकडे, एकदा बघितले की लक्षात राहतात). औषध कुठलं लागू पडेल ते बऱ्यापैकी यावरच ठरतं. न खरवडता थेट डोळ्यातच बुरशी दाखवणारं कॉन्फोकल मशीनपण असतं, पण ते आपल्या आवाक्याबाहेरचं, त्याचं नावच काढत नाही.

खर्च अडीच लाखाच्या घरात आहे, कोटेशन मंडळाच्या बोर्डावर लावलंय. डीजेवर एका रात्रीत किती उडतात ते मी बोलत नाही. शंभर द्या, हजार द्या, चालू कंडिशनमधला जुना लॅपटॉप असेल तरी द्या, फोटो साठवायला लागणारच आहे. मुकादम लोकांनी टोळीत एवढं सांगा की डोळ्याला काही लागलं तर मेडिकलच्या आधी दवाखान्यात या. आणि पावतीशिवाय कुणाच्या हातात पैसे देऊ नका, अगदी माझ्यापण.