ताग गाडण्याऐवजी आडवा पाडून पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरवळीच्या खतासाठी ताग पेरावा आणि तो फुलोऱ्यात येताच नांगराने गाडावा, हा सल्ला आम्हा शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे मिळत आला आहे. सल्ला चुकीचा नाही. परंतु नांगरटीशिवाय सेंद्रिय शेती करू पाहणाऱ्याच्या तो उपयोगी पडत नाही, कारण तण दाबून ठेवू शकणारा पालाच त्यात मातीखाली जातो. दुसरीकडे शून्य मशागतीची भिस्त बहुधा तणनाशकावर असते, आणि सेंद्रिय शेतकऱ्याला ती वाट बंदच आहे.

या दोहोंमधला मार्ग अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील रोडेल इन्स्टिट्यूट या सेंद्रिय शेतीच्या संशोधन संस्थेने दाखवून दिला आहे. तेथे राय हे गव्हासारखे तृणधान्य आणि व्हेच हे वेलीसारखे द्विदल पीक, अशी जमीन झाकण्यासाठी घेतलेली आच्छादन पिके ट्रॅक्टरला जोडलेल्या रुळाने आडवी पाडतात. रुळावरील बोथट पात्यांनी खोड तुटत नाही, ठेचले जाते. कापलेले रोप पुन्हा फुटू शकते, ठेचलेले जागीच वाळते. मात्र सारे मर्म वेळेत आहे: पीक फुलोऱ्यात आल्यावरच ते ठेचावे लागते.

बार्शी तालुक्यातील माझ्या काळ्या रानात, जुन्या पाइपाला लोखंडी अँगल जोडून केलेल्या रुळाने मी हाच प्रयोग तागावर करतो आहे. पहिल्या वर्षी घाईने, फुले लागण्याआधीच ताग पाडला आणि आठवडाभरात शेंडे वळून पुन्हा उभे राहिले. पुढच्या वर्षी रान पिवळ्या फुलांनी भरेपर्यंत थांबलो, तेव्हा तो उठला नाही. नुसता ताग लवकर कुजून विरळ होतो, म्हणून आता त्यात बाजरी मिसळतो.

आमच्या जिल्ह्यात मोठा पाऊस सप्टेंबरात पडतो आणि रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या रानांतली माती त्याच पावसात वाहून जाते. जूनमध्ये पेरलेला ताग ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाडला, तर ते पाणी पाल्याखाली मुरते. उशीर केला, तर उभे पीक तोच ओलावा पिऊन टाकते. ऑक्टोबरात पाला हाताने बाजूला सारला, तर खालची माती बोटाने उकरता येते आणि गांडुळांची विष्ठा दाण्यांसारखी पसरलेली दिसते. पेरणीची पाभर मात्र पाल्यात अडकते, त्यामुळे हरभरा हाताने टोकावा लागतो आणि मजुरी वाढते. लव्हाळा व हरळी ही तणे तर आच्छादनाला जुमानत नाहीत. ज्या रानात ती माजली आहेत, तेथे ही पद्धत वापरू नये.

माझी विनंती एवढीच आहे की, कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी हिरवळीच्या खताची प्रात्यक्षिके घेताना अर्ध्या रानात ताग गाडावा, अर्ध्यात आडवा पाडावा, आणि ओलावा, खुरपणीचा खर्च व पिकाचा उतारा यांच्या नोंदी दोन्हीकडे सारख्याच ठेवाव्यात. अवजार बँकांतून असा रूळ भाड्याने मिळू लागला, तर लहान शेतकऱ्यालाही आपल्या गुंठाभर रानात तो फिरवून पाहता येईल. हा निर्णय जूनच्या पेरणीपूर्वी व्हावा, यासाठी आपल्या शेतीविषयक पानावर या विषयाला जागा द्यावी.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. बार्शी, जि. सोलापूर