संत्र्याला साल ‘असल्यास’?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात नाश्त्यासाठी ऑरेंज वॅफलची पाककृती आली होती. साहित्यात पाऊण कप ऑरेंज ज्यूस, दोन थेंब ऑरेंज इसेन्स आणि अगदी शेवटी, कंसात, ‘ऑरेंज झेस्ट असल्यास’. मी यादी सौ.ना मोठ्यांदा वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, ‘‘झेस्ट म्हणजे काय?’’ मी म्हटलं, साल. त्या म्हणाल्या, ‘‘असल्यास म्हणजे? बिनसालीचं संत्रं कुठं भेटते?’’

हे पत्र त्या ‘असल्यास’बद्दल आहे.

मी नागपुरातल्या एका शाळेत ३१ वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. स्वयंपाकाशी माझा संबंध चहापुरता. पण सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सकाळचा नाश्ता माझ्याकडे आला, आणि नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नात आली. ती नऊ वर्षांची आहे. पोहे, उपमा, सांजा असा पाढा तिसऱ्या दिवशी संपला. माळ्यावर मुलाने दोन वर्षांपूर्वी पाठवलेलं वॅफल मेकर खोक्यातच होतं. आपल्या पुरवणीतलं कात्रण मी जपून ठेवलंच होतं. तेव्हा दोष माझाही आहे.

पाककृतीत लिहिल्याप्रमाणे शनिवारी रात्री पीठ भिजवलं. संत्री सोलून फोडी मिक्सरमधून फिरवल्या, गाळल्या, तो रस दुधात ओतला. सौ. खुर्चीवरून बघत होत्या. ‘‘दूध काहून नासवून राहिले तुम्ही?’’ दूध फाटलंच होतं. पण कृतीत तसंच होतं, म्हणून मैदा, साखर आणि खायचा सोडा घालून झाकून ठेवलं. ओट्यावर मिश्रण छान फसफसलं. मला वाटलं, जमलं.

सकाळी झाकण काढलं तर पीठ गपगार. साच्यात ओतलं, पाच मिनिटांनी जे निघालं ते चामड्याच्या पट्ट्यासारखं वाकत होतं. वास संत्रागोळीचा. एसटी स्टँडवर सुट्या पैशांऐवजी मिळायची ना, तीच. नातीने एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आबा, थोडंसंच कडू आहे.’’ ‘थोडंसंच’ हे माझ्यासाठी होतं.

आता फसलेला प्रयोग तसाच टाकून द्यायची मला सवय नाही. विचार केला तर सगळ्याची कारणं सापडली.

सोड्याचं सोपं आहे. सोडा आणि संत्र्याचा आंबटपणा भेटले की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटतो. रात्री ओट्यावर जी फसफस पाहून मी खूश झालो, ती सकाळच्या वॅफलची होती. ती रात्रीच उडून गेली. शिवाय सोड्याने आंबटपणाही मारला, म्हणजे संत्र्याची अर्धी ओळख गेली.

कडूपणाची गोष्ट जास्त मजेची आहे. ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो, हे नागपुरात रसाचा जग फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. फळाच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असतं. रस काढला की आंबटपणाच्या संगतीत त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. मी तर बियांसकट मिक्सर फिरवला होता आणि वर रात्रभर मुरवलं होतं. कडू व्हायला आणखी काय हवं?

आणि सुवास? तो रसात नव्हताच. तो सालीत आहे.

शाळेत हे मी दरवर्षी आठवीच्या मुलांना दाखवायचो. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावायची, ताज्या संत्र्याच्या सालीचा तुकडा ज्योतीजवळ चिमटीत दुमडायचा. चर्र करून ठिणग्या उडतात, फुलबाजीसारख्या. सालीवर जे बारीक टिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या आहेत. त्या फुटतात आणि तेल पेटतं. दुसरा खेळ फुग्याचा. फुगवलेल्या फुग्यावर साल पिळली की फुगा फट्कन फुटतो, कारण ते तेल रबराला विरघळवतं. पोरं घरून संत्री आणायची आणि मधल्या सुट्टीत एकमेकांचे फुगे फोडायची. मुख्याध्यापकांनी दोनदा तंबी दिली होती. त्या तेलात सर्वांत मोठा वाटा लिमोनीनचा. लिमोनिन वेगळं आणि लिमोनीन वेगळं, बरं का. एका वेलांटीवर कडू आणि सुवासिक यांचा फैसला आहे. नावं ठेवणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता.

आपल्या पाककृतीने कडू होणारा रस पाऊण कप घेतला आणि सुवासाचं तेल ‘असल्यास’ म्हणून कंसात टाकलं. आणि ज्या फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्यासाठी आमच्या अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था उभी आहे, त्या फळाच्या गावात बाटलीतले दोन थेंब!

दुसऱ्या प्रयत्नाला मी सालीपासून सुरुवात केली. इथे नागपुरी संत्र्याची एक अडचण आहे, ती परदेशी पाककृतीत येणार नाही. त्यांचं ऑरेंज घट्ट सालीचं, चेंडूसारखं. किसणीवर फिरवलं की किसलं जातं. आपल्या संत्र्याची साल सैल, पोकळ. दाबली की आत जाते, फाटते, बोटं किसणीला लागतात. म्हणून संत्रं सोलायच्या आधी किसायचं आणि फार पिकलेलं घ्यायचं नाही. सध्या आंबिया बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचा, माल आहे. त्यात थोडी हिरवट झाक असलेली, देठाजवळ न फुगलेली फळं निवडावीत. मोठी किसणी उपयोगाची नाही. सौ.नी मला जायफळाची किसणी काढून दिली. ती काम चोख करते. हलक्या हाताने, एका जागी दोनदाच. पांढरं दिसलं की थांबायचं, ते कडू. आधी फळ कोमट पाण्यात चोळून धुवावं. मेण लावून चकचकीत केलेली फळं तर घेऊच नयेत.

दोन संत्र्यांचा कीस जेमतेम दोन चमचे निघतो. तो तीन चमचे साखरेत घालून बोटांनी चुरायचा. पिठीसाखर नको, दाणेदारच हवी. दाण्यांच्या कडांनी तेलाच्या पिशव्या फुटतात. दोन मिनिटांत साखर ओलसर होते, केशरी होते, आणि वास स्वयंपाकघर सोडून बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. नात तिथून ओरडली, ‘‘आबा, दिवाळीच्या आंघोळीचा वास येतोय!’’ बरोबरच होतं. सौ. दर हिवाळ्यात साली गच्चीवर वाळवून उटण्यात दळून घालतात. आमच्या घरात साल कधी वाया गेली नव्हती, फक्त ती न्हाणीघरात जात होती.

बाकीचं मोजमाप देतो, कारण ‘कप’ कोणाचा हा प्रश्न आपल्या पुरवणीने कधी सोडवलेला नाही. मैदा १५० ग्रॅम, तांदळाची पिठी ३० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, मीठ चिमूटभर. तांदळाच्या पिठीने वॅफल कुरकुरीत राहतं, हे आमच्याकडे कोणाला शिकवायला नको. दूध १८० मिलिलिटर, त्यात त्याच संत्र्यांचा हाताने पिळलेला रस ६० मिलिलिटर. मिक्सर नाही, बिया नाहीत. दूध थोडं फाटेल, फाटू द्या, ताकासारखं होतं आणि पिठाला चालतं. एक अंडं, ६० ग्रॅम वितळलेलं लोणी आणि ती सालीची साखर. गुरुवारी आमच्याकडे अंडं चालत नाही, त्या दिवशी तीन मोठे चमचे दही घातलं. जरा जड झालं, पण ताटात उरलं नाही. हे सगळं नाश्त्याच्या वेळीच कालवायचं. रात्री करायचं असेल तर फक्त कोरडी पिठं एकत्र करून ठेवा. गुठळ्या राहिल्या तरी घोटू नका, नाहीतर पुन्हा चामडं.

वॅफल मेकरवर एक हिरवा दिवा आहे. तो ‘झालं’ म्हणून लागतो आणि खोटं बोलतो. कडेने वाफ येत असेपर्यंत आत पाणी आहे. वाफ मंदावून थांबल्यावर उघडायचं, आधी उघडलं तर वॅफलचे दोन पदर होऊन एक वर आणि एक खाली चिकटतो. माझं पहिलं तसंच गेलं. काढल्यावर ताटात एकावर एक रचू नयेत, खालचं स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं. आम्ही पापड भाजायची जाळी पालथी घालून तिच्यावर ठेवतो.

आणि थोडी सालीची साखर आधीच बाजूला काढून ठेवावी. तापलेल्या साच्यातून सुवास वाफेबरोबर निघून जातो. घरभर वास आला याचा अर्थ तेवढा वॅफलमधून गेला. काढल्याबरोबर वरून ही साखर भुरभुरली की तो परत येतो. मध नको, मधाने संत्रं दबतं. नातीला पाहिजेच होता, दिला. तिचं मत माझ्याविरुद्ध आहे हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

मोसंबीच्या सालीनेही करून पाहिलं. किसायला सोपी, पण वास अगदी संकोची. कागदी लिंबाची साल मात्र फार चांगली. दोन संत्र्यांना अर्धं लिंबू घातलं तर चव टोकदार होते. लिंबू जास्त झालं की भांडी घासायच्या साबणाची आठवण येते, एवढं सांभाळावं.

काटोलला माझ्या मावसभावाची बाग आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून त्याच्यासारख्यांचा माल जातो कुठे, उरतो कुठे, हा त्याच्या डोक्यातला विषय. मी त्याला वॅफल सांगत होतो. पण शेवटी त्याने एकच विचारलं, ‘‘सालीला कोणी भाव देते का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीताबर्डीवर रसाच्या गाड्यांपाशी संध्याकाळी सालींचा ढीग पडलेला असतो, गाई तोंड लावतात आणि सोडून देतात. तो ढीग पाहिला की आता मला त्याचा प्रश्न आठवतो.

माझी मागणी लहान आहे. आपल्या पाककृती बाहेरून भाषांतरित होऊन येत असाव्यात, त्याला हरकत नाही. पण छापण्यापूर्वी कोणीतरी एकदा इथल्या बाजारातलं फळ घेऊन ती करून पाहावी. फेब्रुवारीत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, संत्री येतील, ती याहून गोड असतात. तेव्हा हीच कृती दुरुस्त करून पुन्हा छापता येईल. ‘झेस्ट’च्या जागी ‘साल’ लिहा आणि तो कंस काढा.

आपला नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर

ता. क. : नाव छापू नये. माझे माजी विद्यार्थी अजून मला ‘फुगेवाले सर’ म्हणतात, तेवढं पुरे आहे. सौ.नी पत्र वाचलं. त्यांची दुरुस्ती अशी : जायफळाची किसणी वापरल्यावर लगेच पाण्यात टाकावी. आमची तशीच वाळली, आणि परवाच्या श्रीखंडात जायफळाबरोबर संत्रंही उतरलं.