‘समुद्री विंचू’ म्हणजे विंचू नव्हे

संपादक महोदय,

अमेरिकेतील आयोवा राज्यात सापडलेल्या, सुमारे 46.7 कोटी वर्षांपूर्वीच्या ‘पेंटेकॉप्टेरस’ या जीवाश्माविषयी लिहिताना त्याला सरसकट ‘विंचवाचा पूर्वज’ म्हटले जाते, ते योग्य नाही. हा प्राणी युरिप्टेरिड, म्हणजेच ‘समुद्री विंचू’ म्हटल्या जाणाऱ्या नामशेष जलचरांच्या गटातला. विंचू, कोळी आणि नालखेकडा यांच्याप्रमाणे तोंडापुढे चिमट्यासारखे अवयव असलेल्या संधिपादांपैकी (सांधे असलेल्या पायांच्या प्राण्यांपैकी) एक, म्हणजे विंचवाचा फार तर दूरचा भाऊबंद. त्याला नांगी नव्हती, आणि मागच्या पायांची जोडी वल्ह्यासारखी पसरट झालेली होती.

खरी गोम त्याच्या कुळात आहे. 2015 मध्ये वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा तो ज्ञात युरिप्टेरिडांपैकी सर्वांत जुना ठरला, तरी त्याची जागा गटाच्या मुळाशी न येता ‘मेगॅलोग्रॅप्टिडी’ या बऱ्यापैकी प्रगत कुळात आली. याचा अर्थ गटाच्या शाखा त्याआधीच फुटलेल्या असणार, आणि त्या काळातील खडकांत त्यांचे अवशेष शोधायला हवेत.

वर्गीकरणातील घोटाळे येथे नवे नाहीत म्हणा: याच कुळातील ‘मेगॅलोग्रॅप्टस’ला 1874 मध्ये ग्रॅप्टोलाइट (वसाहत करून राहणारा एक नामशेष सागरी जीव) समजून नाव दिले गेले, आणि ते चुकीचे नाव नियमानुसार आजही कायम आहे.

आपला,
एक वाचक