हिरवा दिवा, 142 दिवस

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सहाय्य विभाग

विषय: कोअर स्विचचा स्टँडबाय कंट्रोलर 142 दिवस सिंक नसणे आणि त्याला तुम्ही 'यशस्वी फेलओव्हर' म्हणणे

महोदय,

दहा मिनिटांपूर्वी तुमच्या सपोर्टशी सातव्यांदा बोलून फोन ठेवला. आठव्यांदा बोलण्याची ताकद नाही, म्हणून लिहितो आहे.

सोमवार, 30 मार्च, सकाळी 11.40. मार्च एंडिंगला सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात काय चाललेलं असतं ते सांगत बसत नाही. कोअर स्विचच्या, म्हणजे सगळ्या शाखा जोडणाऱ्या मुख्य यंत्राच्या, स्लॉट 1 मधल्या कंट्रोलरला मेमरीचा पॅरिटी एरर आला आणि तो रीसेट झाला. त्याबद्दल तक्रार नाही. यंत्र आहे, बिघडणारच. म्हणून तर पहिल्याइतकेच पैसे मोजून दुसरा, स्टँडबाय, घेतला: पहिला पडला की त्याने ताबा घ्यायचा, म्हणजेच फेलओव्हर. तुमच्या माहितीपत्रकात त्याला 'हिटलेस' म्हटलंय, म्हणजे कोणाला झटकाही न जाणवता.

दुसऱ्याने ताबा घेतला तो कोऱ्या पाटीने. लाइनकार्डं, म्हणजे केबल लागतात ती कार्डं, पहिल्यापासून बूट झाली. मॅक टेबल, म्हणजे कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर याची यादी, रिकामं. ओएसपीएफच्या (मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) नेबरनी, म्हणजे शेजारच्या राउटरनी, 40 सेकंद वाट पाहिली आणि नाद सोडला. ग्रेसफुल रीस्टार्टचा, म्हणजे कंट्रोलर सावरेपर्यंत वाहतूक चालू ठेवण्याचा, प्रश्नच नव्हता. मधल्या वेळात पॅकेट पुढे ढकलायला कार्डं तरी जागी हवीत ना! 9 मिनिटं एकही शाखा नाही, एकही एटीएम नाही. मग बाकी सगळं आलं, पण जत आणि आटपाडी या शाखा येईनात. त्यांचे व्हीलॅन (स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्कं) आम्ही जानेवारीत घातले होते आणि स्टँडबायकडे कॉन्फिग होतं नोव्हेंबरचं. ते मी माझ्या वहीत बघून हाताने टाइप केलं. मागे जनरल मॅनेजर उभे, दोन हातांत दोन फोन. त्यात आणखी 50 मिनिटं गेली.

नोव्हेंबरचंच का? कारण 8 नोव्हेंबरला, दुसऱ्या शनिवारी, तुमचे इंजिनिअर एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) व्हिजिटला आले. स्लॉट 1 चं फर्मवेअर त्यांनी वर चढवलं. स्लॉट 2 च्या फ्लॅश मेमरीमध्ये जागा नाही, 'पुढच्या व्हिजिटला करतो' म्हणाले, चहा घेतला आणि गेले. ती पुढची व्हिजिट अजून व्हायची आहे. दोन कार्डांवर दोन व्हर्जन, त्यामुळे बल्क सिंक, म्हणजे पहिल्या कार्डावरचं सगळं दुसऱ्यावर उतरवणं, सुरू झालं आणि तिथेच अडकलं. ना अलार्म, ना ट्रॅप (बिघाडाचा आपोआप येणारा संदेश). पॅनलवरचा दिवा मात्र हिरवागार. त्या हिरव्याचा अर्थ 'कार्डाला वीज मिळते आहे' एवढाच असतो, हे मला 30 मार्चला कळलं. रोज सकाळी मी तो दिवा बघून निश्चिंत होत होतो. कमांड मारून बघायला हवं होतं, ही माझी चूक मान्य आहे. तुमची एक तरी तुम्ही मान्य करा.

आता आजचा फोन. 35 मिनिटं संगीत ऐकल्यावर एक सद्गृहस्थ आले.

'सर, तुमची केस प्रायॉरिटी 3 आहे.'

का?

'सर, तुमच्याकडे रिडंडन्सी आहे ना. एक कंट्रोलर गेला तरी दुसरा आहे.'

म्हटलं, अहो, तो दुसराच तर तक्रारीचा विषय आहे! तर म्हणाले, 'पण सर, आत्ता तोच अॅक्टिव्ह दिसतोय. म्हणजे फेलओव्हर यशस्वी झाला.'

म्हटलं, 59 मिनिटांनी.

'हो सर, पण झाला.'

मी गप्प बसलो. त्यांना वाटलं मला पटलं. मग त्यांनी विचारलं, 'सर, एकदा दोन्ही कार्डं बंद करून चालू करून बघता का?' भर दुपारी, चालू बँकेत, दोन्ही! फोन ठेवल्यावर एसएमएस आला: तुमची केस बंद करण्यात आली आहे, कृपया 1 ते 5 गुण द्या. शून्याची सोय ठेवलेली नाही. ती हिटलेस असावी.

लॉग पहिल्याच दिवशी पाठवलाय, कोणी उघडलेला दिसत नाही. त्यात 'बल्क सिंक चालू आहे' ही ओळ 142 दिवस तशीच आहे. ते 142 दिवस आम्ही दोन कंट्रोलरची एएमसी भरली आणि चाललो एकावर. आजही एकावरच चाललो आहोत, फक्त स्लॉट बदललाय.

केस पुन्हा उघडा, प्रायॉरिटी 1 करा. सिंक अडकल्यावर अलार्म का आला नाही याचं लेखी कारण द्या. नोव्हेंबरपासूनच्या दुसऱ्या कार्डाच्या एएमसीचे पैसे परत करा. आठ दिवसांत हे झालं नाही तर प्रकरण संचालक मंडळापुढे जाईल आणि करारातलं दंडाचं कलम आम्हालाही वाचता येतं. कुठला स्विच घ्यावा हे विचारायला आजूबाजूच्या पतसंस्था माझ्याकडेच येतात. आजवर मी तुमचंच नाव सांगत आलो, याचं जास्त वाईट वाटतं.

इंजिनिअर पाठवाल तेव्हा स्लॉट 2 च्या फ्लॅशमधल्या जुन्या फाइली आधी काढाव्या लागतील, हे त्यांना निघतानाच सांगा. आणि दुसऱ्या शनिवारीच पाठवा, बँक बंद असते.

आपला,
नेटवर्क विभाग, मुख्य कार्यालय