सूचना : शरद सहलीस निघण्यापूर्वी

जर्मनीतील कायझर्सलाउटर्न शहराच्या परिसरातील आपल्या लष्करी कुटुंबांना कळविण्यात येते की, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारची सहल सकाळी 9 वाजता निघेल आणि बाड ड्युर्कहाइमचे 1934 मध्ये बांधलेले, सुमारे 17 लाख लिटर क्षमतेचे लाकडी पिंप (आत वाइन नसून उपाहारगृह आहे) पाहून जर्मन वाइन मार्गाने दक्षिणेस श्वायगेनपर्यंत जाईल. तेथून फ्रान्सची हद्द पायी ओलांडता येते. म्हणून मुलांसह प्रत्येकाने पासपोर्ट जवळ बाळगावा, केवळ लष्करी ओळखपत्रावर विसंबू नये.

वाटेत फेडरवायसर, म्हणजे अजून आंबत असलेली नवी वाइन, विकत मिळते. आतला वायू निघून जावा म्हणून तिच्या बाटलीचे झाकण मुद्दाम सैल ठेवलेले असते. गेल्या वर्षी आम्ही ती गाडीत आडवी ठेवली आणि मागच्या सीटचा आंबूस वास आठवडाभर गेला नाही, तेव्हा बाटली उभीच ठेवावी. गाडी चालवणाऱ्यांनी अर्थातच चवही घेऊ नये.

चेस्टनट वेचण्यासाठी जाड हातमोजे आणावेत, कारण त्यांची काटेरी बोंडे बोटांना चांगलीच टोचतात. खेड्यांतील लहान दुकानांत कार्ड चालेलच असे नाही, म्हणून थोडे रोख युरो ठेवावेत. नावे बुधवारपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत.