मंत्रीमहोदय, ठराव आणा, पण त्यात पळवाट नको

मंत्रीमहोदय, नमस्कार.

जुन्या अत्याचारांची दखल घेणारे ठराव सभागृहात आणावेत की नाही यावर बराच काथ्याकूट चाललाय, माझं मत विचाराल तर आणावेत. नुसत्या कागदाने काय होतं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, की मग २०१६ मध्ये जर्मन संसदेने ऑटोमन तुर्की राजवटीतल्या आर्मेनियन लोकांच्या १९१५ च्या कत्तलीला नरसंहार म्हटल्यावर तुर्कस्तानने तडकाफडकी आपला राजदूत परत का बोलावला?

पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा खरा प्रॉब्लेम आहे. अमेरिकेत हाच आर्मेनियन ठराव वर्षानुवर्षं लटकवून ठेवला कारण तुर्कस्तान नाटो या लष्करी आघाडीतला मित्र, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तुर्की सैन्य सीरियात घुसलं तर त्याच महिन्यात प्रतिनिधीगृहात ४०५ विरुद्ध ११ मतांनी पास! मेलेले लोक बरे वेळेवर आठवले.

आता स्वतःच्या पापाचं बघा. २००९ मध्ये अमेरिकेने तिथल्या मूळ रहिवाशांची माफी मागितली, कुठे, तर संरक्षण खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात, कलम ८११३, आणि त्याच कलमात खाली लिहून टाकलं की याच्या जोरावर सरकारवर कुठलाही दावा करता येणार नाही. सही झाली तेव्हा ना समारंभ ना भाषण. हवाई बेटांचंही तेच, १८९३ मध्ये तिथल्या राणीची सत्ता उलथवल्याबद्दल १९९३ मध्ये माफीचा ठराव झाला, पुढे त्या जुन्या राजवटीच्या जमिनींचा वाद सुप्रीम कोर्टात गेला तर २००९ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की या ठरावामुळे हवाई राज्य सरकारचा त्या जमिनी विकायचा अधिकार जात नाही. म्हणजे माफी पण तुम्हाला आणि जमीन पण आम्हालाच!

त्याच देशाने १९८८ मध्ये दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांची कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरवलं. उशीर झालाच, कितीजण तोवर गेलेही, पण निदान माफीमागे काहीतरी होतं ना.

म्हणून म्हणतो, तुम्ही ठराव आणाल तेव्हा आधी आपल्याच सरकारने केलेल्या गोष्टींचा आणा, दुसऱ्या देशांचं नंतर बघू. त्या काळच्या सरकारी फायली लोकांना बघायला मिळतील असं तारखेसकट लिहा. भरपाई किती, कोणाला, यावर भांडणं होतील, होऊ देत, सभागृह त्यासाठीच आहे. आणि मसुद्याच्या तळाशी ते 'कुठलाही दावा करता येणार नाही' वालं वाक्य कोणी अधिकारी हळूच घालेलच, ते मतदानाच्या आधी खोडा.