वाखरीच्या मुक्कामावरून

राम कृष्ण हरी गं,

वाखरीत आहे. रात्रीचे अकरा वाजून गेलेत, राहुटीतल्या सगळ्या झोपल्यात आणि मी बॅगेला टेकून मोबाईलवर टाईप करतेय. रेंज अजिबात नाहीये, कारण माऊली, तुकोबा, सोपानकाका आणि बाकीच्याही किती पालख्या आज इथेच येऊन थांबल्यात, जिकडे बघावं तिकडे माणसंच माणसं. जेव्हा जाईल तेव्हा जाईल, पण लिहायचं आजच आहे, उद्या पंढरपुरात पोचल्यावर मन असं राहणार नाही.

उद्या दशमी. सहा-सात किलोमीटर उरलेत फक्त. आळंदीतून निघाले तेव्हा अडीचशे किलोमीटरचा आकडा डोक्यात घेऊन निघालेले, फोनमध्ये पावलं मोजायचे, दिवे घाट चढताना तर दर वळणाला बघायचे अजून किती राहिलं. त्या दिवशी पुण्याहून थेट सासवड, त्यात एकादशीचा उपास, संध्याकाळी पायातून नुसत्या कळा येत होत्या. आणि आता उलटं झालंय. नातेपुते सोडल्यापासून दिंडीत कुणी अंतराचा विषयच काढत नाही. परवा वेळापूरच्या अलीकडे धावा झाला, तुकोबांना तिथून कळस दिसला आणि ते धावत सुटले म्हणतात म्हणून सगळे त्या उतारावर पळतात, मीही पळाले बघ, टाचेला बँडेज असताना, आणि खाली पोचल्यावर रडायला आलं. आनंद होता तसाच तो रस्ता संपत आलाय याचंही होतं. माझ्या पुढच्या रांगेत एक आजी आहेत, डोक्यावर तुळस घेऊन चालतात, ही त्यांची बावीसावी वारी. त्यांना विचारलं, पंढरी जवळ आली की तुम्हाला काय वाटतं, तर म्हणाल्या, "माहेर आलं की चाल आपोआप हळू होती बाई, घर दिसतंय तवर सुख."

आज बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण झालं, उभं आणि गोल दोन्ही. पताकावाले धावले, तुळशीवाल्या बायका धावल्या, विणेकरी धावले, मग दोन घोडे, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा मोकळा, त्यावर माऊली बसतात ही सगळ्यांची श्रद्धा. घोडे गेल्यावर लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. मी लावली. तुझ्यासाठी थोडी कागदात बांधून घेतलीये.

आता मूळ गोष्ट, जी सांगायला हे सगळं लिहितेय.

मुक्कामाला पोचल्यावर रोज समाजआरती होते. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, शेजारचीचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे त्यांची मानाची काठी, वर करून "हो" म्हणतात आणि एका क्षणात सगळं गप्प. खरंच गप्प, एवढ्या लाखोंच्या गर्दीत बाळ रडलेलं ऐकू येतं. फक्त एखाद्या दिंडीची तक्रार असेल ना, पाण्याची, जागेची, कशाचीही, तर ती दिंडी गप्प बसत नाही, टाळ वाजवतच राहते. चोपदार त्यांच्याकडे जातात, ऐकून घेतात, तेव्हाच ते टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि आरती. तक्रार पोटात ठेवून आरतीला उभं राहायचं नाही, अशी रीत आहे. मला हे पहिल्यांदा लोणंदच्या तळावर एका विणेकरी बाबांनी समजावून सांगितलं आणि त्या रात्री मला तुझी आठवण आली, रागाने.

कारण मी टाळ वाजवलाच नव्हता. आपण दोघींनी मिळून दिंडीची भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाचे पैसे, भरले, दोघींच्या बॅगांवर लागोपाठचे नंबर टाकले, आणि निघायच्या आदल्या रात्री तुझा मेसेज, ऑफिसमुळे जमणार नाही. मी अंगठ्याचा इमोजी पाठवला. फोन केला नाही, चिडले नाही, काहीच नाही. सासवडपर्यंत तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि तोंडाने हरिपाठ म्हणत होते. तुझे "कशी आहेस", "पाय कसे आहेत" असे मेसेज येत होते आणि मी "मस्त" एवढंच लिहीत होते. राहुटीत तुझी जागा रिकामी ठेवली होती पहिले दोन दिवस, मग जेजुरीत एका काकूंना दिली, त्यांना ताप होता.

तर हा माझा टाळ समज. मला वाईट वाटलं गं, खूप. ऑफिसचं कारण खरं असेल, पण तू एकदा फोन करून बोलायला हवं होतंस, दोन ओळींच्या मेसेजवर सोडायला नको होतंस. आणि मीही विचारायला हवं होतं, नक्की काय झालंय, कारण तू उगाच मागे हटणारी नाहीस हे मला वीस वर्षं माहितीये. घरी काही होतं का? मला काही सांगायचं राहिलंय का तुझं? हे मी तेव्हाच विचारलं असतं तर तुझ्यावर एवढे दिवस रागावून चालले नसते.

इथे सगळे एकमेकांना माऊली म्हणतात, पाणी वाढणारा माऊली, टँकरच्या रांगेत पुढे घुसणारासुद्धा माऊली. पहाटे तीनला थंड पाण्याने आंघोळ करताना कुणी धक्का दिला तरी तोंडातून माऊलीच निघतं, दोन-तीन दिवसांत सवय होते. आणि तुलाच तेवढं मी मनात नावं ठेवत होते.

उद्या दुपारी जेवून निघू, इसबावीला शेवटचं उभं रिंगण, मग पंढरपूर. पदस्पर्शाच्या रांगेत उभी राहणार नाहीये, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन मला पुरे आहे, दिंडीतले बरेच जण तेच करतात. पण मी एकादशी करून लगेच परत येत नाहीये. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, मग पालखी परत आळंदीला निघते, तेव्हा फार थोडी माणसं असतात म्हणे सोबत. मी काल्यापर्यंत थांबतेय.

अजून पाच दिवस आहेत. सुट्टी मिळाली तर रात्रीची एसटी पकड आणि ये, एका दिवसासाठी ये. चालायचं राहिलं तर राहू दे, चंद्रभागेच्या वाळवंटात बसून बोलू. बॅग मोठी आणू नकोस, पांघरूण माझ्याकडे आहे.

वाट बघतेय.

तुझीच